आधुनिक जगाच्या इतिहासाचें अध्यापन व मितींचा प्रश्न

माध्यमिक शाळेंतील मुलांस आधुनिक जगाचा इतिहास कसा शिकवावा, हा विषय संशोधन-त्रैमासिकाच्या पृष्ठांवर आलेला पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. जुनीं दप्तरें, पोथ्या व शकावल्या यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस फ्रान्स, रशिया व अमेरिका येथील राज्यक्रांत्या नववीच्या वर्गांत कशा मांडाव्या याच्याशीं काय कर्तव्य, असा प्रश्न ते विचारतील व तो अयोग्यहि नव्हे. तथापि सुमारें चौतीस वर्षें शाळेंत घालविल्यावर आमचें असें मत झालें आहे कीं, ह्या दोन कामांत वाटतें तेवढें अंतर नाहीं. संशोधकास ज्या ठिकाणीं ठेंच लागते, त्याच ठिकाणीं शाळामास्तरासहि लागते; आणि दप्तर वाचणाऱ्यापाशीं जें औषध असतें, तेंच वर्गांतहि लागू पडतें. तें औषध म्हणजे मितीची चौकशी. तेवढ्या एकाच मुद्द्याविषयीं आमचा अनुभव येथें सादर करीत आहों.

आमचा मूळ अभ्यास संस्कृताचा. इतिहास आमच्या वाट्यास आला तो वेळापत्रकाच्या सोयीनें. संस्कृताचे तास थोडे व शिक्षकाचे तास भरले पाहिजेत, म्हणून. त्यामुळें प्रथम कांहीं वर्षें आम्ही जगाचा इतिहास पाठ्यपुस्तकावर विसंबून शिकवीत होतों, हें कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. संकोच वाटतो तो पुढील गोष्टीचा.

इ. स. १९८६ च्या डिसेंबरांत आम्ही नववीच्या वर्गाची एक चाचणी घेतली. तींत रशियांतील आक्टोबर क्रांति केव्हां झाली, असा दोन गुणांचा प्रश्न होता. एका मुलानें उत्तर लिहिलें, ता. ७ नोव्हेंबर १९१७. प्रश्नांतच ‘आक्टोबर’ हें नांव दिलेलें असतां मुलानें नोव्हेंबर लिहावें, हा आम्हांस शुद्ध निष्काळजीपणा वाटला व आम्ही त्यावर तांबड्या शाईची रेघ ओढली. उत्तरपत्रिका परत दिल्यावर तो मुलगा टेबलाशीं आला आणि म्हणाला, “सर, दिवाळीच्या सुटींत आकाशवाणीच्या बातम्यांत सांगितलें कीं, मास्कोंत आक्टोबर क्रांतीचा उत्सव ७ नोव्हेंबरला झाला.” त्यावर आम्ही त्यास सांगितलें कीं, बातम्या ऐकण्यापेक्षां पुस्तक वाचावें. तो कांहीं न बोलतां जागेवर जाऊन बसला.

ह्या गोष्टीस तीन वर्षें लोटल्यावर एके दिवशीं आम्ही जेधे शकावली वाचीत होतों. ही शकावली लोकमान्य टिळक यांनीं इ. स. १९१६ मध्यें उजेडांत आणली व तिच्यामुळें शिवकालाच्या कालक्रमाचा पायाच बदलला, हें ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. राज्याभिषेकाच्या नोंदींत शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार असून तीन घटका रात्र उरली असतां महाराज सिंहासनारूढ झाले असें आहे. शाळेंत आपण शिकवितों ती तारीख ६ जून १६७४. आम्ही कागद घेऊन त्या तारखेचा वार काढूं लागलों तों तो बुधवार निघाला. दोनतीनदां हिशेब पडताळला, तरी बुधवारच. शकावलीकार चुकला म्हणावें, तर त्यानें घटका व पळेंसुद्धां दिलेलीं. इंग्रज चुकला म्हणावें, तर हेन्री ऑक्झेंडन स्वतः रायगडावर हजर. अखेर एका वृद्ध संशोधकांपुढें हा प्रश्न ठेवला, तेव्हां ते हसून म्हणाले, “तुम्ही नव्या पद्धतीनें वार काढलात. तारीख जुन्या पद्धतीची आहे.” त्या एका वाक्यानें शिवकालाचा गुंता सुटला, आणि घरीं परततांना एकाएकीं त्या तांबड्या रेघेचें स्मरण झालें. ‘आक्टोबर’ हेंहि जुन्या पद्धतीचेंच नांव होतें!

जाणत्या वाचकांची क्षमा मागून हा पद्धतिभेद येथें थोडक्यांत सांगतों, कारण पुढील विवेचन त्यावरच उभें आहे. ज्यूलियस सीझरच्या नांवानें चालणाऱ्या गणनेंत वर्षाचें मान ३६५ दिवस व १५ घटका धरिलें होतें. खरें सायन सौर वर्ष त्याहून सुमारें २८ पळांनीं, म्हणजे ११ मिनिटांहून किंचित् अधिक वेळानें, लहान आहे. ही चूक सुमारें १२८ वर्षांत एक दिवस होते. त्यामुळें सोळाव्या शतकांत वसंतसंपात २१ मार्चाऐवजीं ११ मार्चाच्या सुमारास येऊं लागला. तेव्हां पोप तेरावा ग्रेगरी यानें इ. स. १५८२ मध्यें सुधारणा केली: ता. ४ आक्टोबर, गुरुवार, याच्या दुसऱ्या दिवशीं ता. १५ आक्टोबर, शुक्रवार, धरावी आणि पुढें शतकाच्या वर्षांपैकीं ज्यांस ४०० नीं भाग जातो तींच लीप वर्षें मानावीं. पोर्तुगाल, स्पेन व इटली यांनीं ही गणना लगेच घेतली व फ्रान्सनेंहि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत घेतली. इंग्लंडनें पोपचा हुकूम म्हणून ती १७० वर्षें दूर ठेविली, तेथें इ. स. १७५२ मध्यें ता. २ सप्टेंबर, बुधवार, याच्या पाठोपाठ ता. १४ सप्टेंबर, गुरुवार, आली. रशियानें तर क्रांतीनंतर, ता. ३१ जानेवारी १९१८ च्या दुसऱ्या दिवशीं १४ फेब्रुवारी मानून, ती स्वीकारली. दोन गणनांतील अंतर सतराव्या शतकांत १० दिवस, अठराव्यांत ११, एकोणिसाव्यांत १२ व विसाव्यांत १३ दिवस. यास्तव रशियांतील २५ आक्टोबर १९१७ म्हणजे इतरत्र ७ नोव्हेंबर. आणि त्याच वर्षाची ‘फेब्रुवारी क्रांति’ सुरू झाली तो २३ फेब्रुवारी म्हणजे इतरत्र ८ मार्च. आमच्या विद्यार्थ्याचें उत्तर बरोबर होतें. चुकला होता तो परीक्षक.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तारखा गाळल्या, महिने सरकले. पण वाराची सांखळी कोठेंहि तुटली नाहीं. गुरुवारामागून शुक्रवार व बुधवारामागून गुरुवारच आला. म्हणून ज्या कागदांत तिथीबरोबर वार दिला आहे, तो कागद कोणत्याहि गणनेच्या वादांत साक्षीदार म्हणून उभा करितां येतो. आपल्या जुन्या लेखकांस वार लिहिण्याची संवय होती, हें आपलें मोठें भाग्य होय. राज्याभिषेकाचेंच पाहा. जुन्या पद्धतीची ६ जून १६७४ व नव्या पद्धतीची १६ जून १६७४ हे दोन्हीं एकच दिवस व दोन्हींचा वार शनिवार. शकावली म्हणते शुक्रवार. मग विरोध राहिलाच कीं, असें मुलें म्हणतात. परंतु आपला वार सूर्योदयास लागतो, युरोपीयांचा मध्यरात्रीं. तीन घटका रात्र उरलेली ती वेळ आपल्या हिशेबानें शुक्रवारचीच व त्यांच्या हिशेबानें शनिवारची पहाट. तिथि देखील उदयाची द्वादशी असली तरी त्या वेळीं त्रयोदशी लागलेली होती. दोन साक्षीदार दोन भाषांत एकच गोष्ट सांगत होते. न समजणारे आम्ही होतों.

ह्या अनुभवानंतर आम्ही जगाच्या इतिहासाचा पहिला पाठ बदलला. पुस्तक उघडण्यापूर्वीं मुलांस एक कोडें घालीत असूं. इंग्लंडच्या इ. स. १६८८ च्या राज्यक्रांतींत आरेंजचा विल्यम हालंडहून निघाला ता. ११ नोव्हेंबर रोजीं आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावर टोरबे येथें उतरला ता. ५ नोव्हेंबर रोजीं. दोन्हीं तारखा खऱ्या आहेत. तर तो निघण्याच्या आधीं पोंचला कसा? वर्गांत एकदम गलबला होई. कोणी म्हणे छापण्याची चूक, कोणी म्हणे महिना वेगळा. मग फळ्यावर दोन स्तंभ काढावयाचे: हालंडची नवी गणना व इंग्लंडची जुनी. निघाला नव्या ११ स म्हणजे जुन्या १ स. उतरला जुन्या ५ स म्हणजे नव्या १५ स. चार दिवसांची मजल. उत्तर मुलांनींच काढलेलें असे. त्यामुळें तें पुन्हां सांगावें लागत नसे.

दुसरें उदाहरण न्यूटन व गॅलिलिओ यांचें. ज्या वर्षीं गॅलिलिओ वारला त्याच वर्षीं न्यूटन जन्मला, हें वाक्य अनेक पुस्तकांतून आढळतें व मुलांस तें फार आवडतें, कारण त्यांत विद्येचा वारसा एका हातांतून दुसऱ्या हातांत गेल्यासारखा वाटतो. परंतु गॅलिलिओचा मृत्यु ता. ८ जानेवारी १६४२, हा नव्या गणनेचा. आणि न्यूटनचा जन्म ता. २५ डिसेंबर १६४२, हा जुन्या गणनेचा. दोन्हीं एका मापानें मोजलीं तर न्यूटन ता. ४ जानेवारी १६४३ चा ठरतो व तें सुंदर वाक्य लटकें पडतें. मुलें हळहळतात. पण सुंदर गोष्ट हातची जात असतांहि खरें धरून ठेवावें, हें त्यांस ह्याच वयांत शिकविलें पाहिजे.

असाच एक समज आपल्या घरचाहि आहे. पानिपतचा संग्राम ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं, म्हणजे ऐन मकरसंक्रांतीस झाला, असें पुष्कळ मुलें सांगतात. तारीख बरोबर आहे. ती नव्या गणनेची असून वार बुधवार, मिति पौष शुद्ध ८. परंतु आपली संक्रांत निरयन मानाची. ती इंग्रजी तारखांतून हळूहळू पुढें सरकत असते. आज ती १४ किंवा १५ जानेवारीस येते. अडीचशें-पावणेतीनशें वर्षांपूर्वीं ती तीनचार दिवस आधीं येत असे. तेव्हां पानिपतच्या दिवशीं संक्रांत होऊन गेलेली होती. राष्ट्रावर संक्रांत आली हें म्हणणें अर्थानें कितीहि खरें असो, पंचांगानें खरें नाहीं.

फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा पाठ तर संस्कृतज्ञ शिक्षकास पर्वणीच आहे. क्रांतिकारकांनीं इ. स. १७९३ च्या आक्टोबरांत नवें पंचांग मंजूर केलें व त्याचा आरंभ राजसत्ता रद्द झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, ता. २२ सप्टेंबर १७९२ पासून, मागें नेऊन धरिला. तो दिवस शरत्संपाताचा, म्हणजे सायन तुला संक्रमणाचा होता. तीस दिवसांचे बारा महिने, वर्षाखेर पांच किंवा सहा जादा दिवस, आणि सात वारांऐवजीं दहा दिवसांचा एक गट. महिन्यांस नांवें दिलीं तीं ऋतूंवरून: धुक्याचा तो ब्रुमेर, बर्फाचा निव्होज, अंकुरांचा जर्मिनाल, उष्णतेचा थर्मिदोर. हें सांगत असतां आम्ही मुलांस तैत्तिरीय संहितेंतील मधु-माधव, शुक्र-शुचि, नभस्-नभस्य, इष-ऊर्ज, सहस्-सहस्य व तपस्-तपस्य हीं मासनामें सांगत असूं. ऋतूवरून महिना ओळखण्याची कल्पना मनुष्यजातीस नवी नाहीं, हें मुलांच्या ध्यानांत येई. आणि रोबेस्पिएरचा पाडाव ज्या ९ थर्मिदोर रोजीं झाला ती ता. २७ जुलै १७९४, व नेपोलियननें सत्ता हातीं घेतली तो १८ ब्रुमेर म्हणजे ता. ९ नोव्हेंबर १७९९, हीं नांवें त्यांस ओझें वाटत नसत. राज्य नवें झालें कीं काळहि नवा मोजावा, ही वासना सार्वत्रिक आहे. राज्याभिषेक शक हें आपलें उदाहरण. टिपू सुलतानानें चालविलेला मौलूदी सन हें दुसरें. फ्रेंचांचें पंचांग ता. १ जानेवारी १८०६ पासून बंद झालें. जगाच्या व्यवहाराशीं जुळत नसलेली गणना सत्तेच्या बळावर फार दिवस चालत नाहीं.

मिति नक्की करणें ही पहिली पायरी. दुसरी त्याहून कठीण आहे. दोन गोष्टी एका काळीं घडल्या म्हणजे त्यांचा कार्यकारणसंबंध असतोच असें नाहीं. संभाजी महाराज संगमेश्वरास पकडले गेले ता. १ फेब्रुवारी १६८९ रोजीं; त्यानंतर बारा दिवसांनीं विल्यम व मेरी यांस इंग्लंडचा मुकुट देऊं करण्यांत आला. दोन्हीं तारखा जुन्या पद्धतीच्या, म्हणून तुलना योग्य. परंतु एकीचा दुसरीशीं संबंध कांहींहि नाहीं. तसेंच फ्रान्सची कन्व्हेन्शन सभा ता. २६ आक्टोबर १७९५ रोजीं विसर्जित झाली व दुसऱ्याच दिवशीं पुण्यांत सवाई माधवराव वारले. अशा जोड्या फळ्यावर मांडून आम्ही मुलांस विचारीत असूं: येथें धागा आहे काय? नसल्यास ‘नाहीं’ म्हणण्याचें धैर्य करा. समकालीनतेचें कोष्टक हें इतिहासाचें साधन आहे, इतिहास नव्हे.

मग ज्या ठिकाणीं धागा खरोखर आहे तें ठिकाण दाखवावयाचें. आम्ही त्याकरितां अमेरिकेचें स्वातंत्र्ययुद्ध निवडीत असूं. पाठ्यपुस्तकांत हा धडा चहाच्या पेट्यांपासून सुरू होऊन जार्ज वाशिंग्टनवर संपतो, आणि इंग्रज-मराठे यांचें पहिलें युद्ध दुसऱ्याच पुस्तकांत, दुसऱ्याच वर्षीं येतें. वस्तुतः दोन्हीं युद्धें इ. स. १७७५ मध्यें सुरू झालीं. पुरंदरचा तह ता. १ मार्च १७७६ चा. अमेरिकेचा जाहीरनामा त्यानंतर चार महिन्यांनीं, ता. ४ जुलैचा. इ. स. १७७७ मध्यें सें ल्यूबें हा फ्रेंच पुण्यास आला, तेव्हांपासून पुणें दरबार फ्रेंचांशीं संधान बांधतो कीं काय, ही धास्ती इंग्रजांस लागली. इ. स. १७७८ मध्यें फ्रान्स अमेरिकनांच्या बाजूनें युद्धांत उतरला, त्याच वर्षाच्या आक्टोबरांत इंग्रजांनीं पांदेचरी घेतली व पुढील मार्चांत माहे घेतलें. माहे हें हैदरअल्लीच्या दारूगोळ्याचें बंदर. तें गेल्यानें तो चिडला आणि इ. स. १७८० मध्यें कर्नाटकांत उतरला. एकीकडे मराठे, दुसरीकडे हैदर, समुद्रावर फ्रेंच, अशा पेंचांत कंपनीस मराठ्यांशीं तह करणें भाग पडलें. तो ता. १७ मे १७८२ चा सालबाईचा तह. त्यांत जुन्या पोर्तुगीज वखारी सोडून इतर युरोपीय राष्ट्रांस पेशव्यांनीं आपल्या मुलखांत थारा देऊं नये, असें कलम आहे. हें कलम वाचल्यावर बास्टनचें बंदर व पुण्याचा दरबार यांस जोडणारा धागा मुलांस स्वतःच्या डोळ्यांनीं दिसतो. त्यास कल्पनेचा आधार लागत नाहीं.

येथेंच आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. सालबाईच्या तहाचा सुहूर सन कोणता, असें मोठ्या मुलांस विचारावें. सुहूर सनांत ५९९ मिळविले कीं इसवी सन निघतो, म्हणून ती ११८३, म्हणजे सलास समानीन मया व अलफ, असें उत्तर देतात. परंतु हा सन मृग नक्षत्रास लागतो. १७ मे रोजीं मृग लागावयाचें होतें. म्हणून तो ११८२, इसन्ने समानीन मया व अलफ. अशाच कारणानें शिवजन्माची ता. १९ फेब्रुवारी १६३० ही त्या वेळच्या इंग्रजास १६२९ मधील वाटली असती, कारण त्याचें वर्ष २५ मार्चास लागे. वर्षाचा आरंभ कोठें, हें विचारल्यावांचून वर्षाचा आंकडा लिहूं नये, हा धडा एकदां शिकला कीं तो कोणत्याहि देशाच्या इतिहासांत उपयोगी पडतो.

अमेरिकन युद्धाचा शेवटहि वर्गांत सांगण्यासारखा आहे. इंग्लंड व फ्रान्स यांच्यांत तहाच्या प्राथमिक अटींवर सह्या झाल्या ता. २० जानेवारी १७८३ रोजीं, व्हर्साय येथें. आणि कडलूरजवळ सुफ्राँ व ह्यूज यांच्या आरमारांची लढाई झाली ता. २० जून १७८३ रोजीं, म्हणजे बरोबर पांच महिन्यांनीं. त्याच वेळीं किनाऱ्यावर बुसीला इंग्रजांनीं कडलुरांत कोंडलें होतें. तहाची बातमी जूनच्या अखेरीस पोंचली तेव्हां लढाई थांबली. अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठीं सुरू झालेल्या युद्धांतील शेवटच्या लढायांपैकीं एक अशी आमच्या चोळमंडलाच्या किनाऱ्यावर झाली, आणि तींत जे मेले ते तह झाल्यानंतर मेले. हें सांगितल्यावर वर्ग कांहीं वेळ गप्प होत असे. घटनेची मिति, बातमी पोंचल्याची मिति व पत्र लिहिल्याची मिति, ह्या तीन निराळ्या आहेत, हें दप्तर वाचणारास ठाऊकच असतें. शाळेंतील मुलास तें कडलूरच्या लढाईनें पटतें.

विसाव्या शतकांत तारायंत्रें आलीं, सर्व राष्ट्रांनीं एक पंचांग घेतलें, आतां हा घोळ उरला नसेल, असें वाटण्याचा संभव आहे. तसें नाहीं. महाराष्ट्रांतील पुष्कळ गांवीं चावडीवर अथवा वेशींत एक संगमरवरी फरशी बसविलेली आढळते. त्या गांवांतून महायुद्धावर किती माणसें गेलीं व त्यांपैकीं किती परत आलीं नाहींत, हें तींत कोरलेलें असतें. तीवर युद्धाचीं वर्षें १९१४ ते १९१९ अशीं असतात. मुलें विचारतात, पुस्तकांत तर १९१८ आहे. दोन्हीं बरोबर आहेत: शस्त्रसंधि ता. ११ नोव्हेंबर १९१८ चा, व्हर्सायचा तह ता. २८ जून १९१९ चा. त्या फरशीवरील मृतांपैकीं कोणी मेसापोटेमियांत गेलेले असतील. कूत येथें ता. २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण गेलेली सहावी डिव्हिजन पुण्याच्या नांवाची होती व तींत मराठा पलटणी होत्या. जगाचा इतिहास वेशींत कोरलेला असतां आपण तो परक्या पुस्तकांत शोधतों.

दुसऱ्या महायुद्धांत पर्ल हार्बरवरील हल्ला हवाई बेटांत ता. ७ डिसेंबर १९४१ ची सकाळ असतां झाला; तोक्योंत त्या वेळीं ८ डिसेंबर लागून गेली होती. मलायांत कोटा बारू येथें जपानी सैन्य उतरलें ती तारीख ८ डिसेंबर, म्हणून मुलें तें नंतर घडलें असें समजतात; प्रत्यक्षांत तें पर्ल हार्बरच्या किंचित् आधीं घडलें. जर्मनीची शरणागति ता. ८ मे १९४५ च्या रात्रीं अमलांत आली तेव्हां मास्कोंत ९ मे लागून गेली होती; म्हणून एकाच विजयाचे उत्सव दोन दिवशीं होतात. शुक्रवार कीं शनिवार, हा रायगडावरचाच प्रश्न येथें पुन्हां उभा राहतो.

आतां संग्राहक व संपादक मित्रांस दोन विनंत्या. पहिली ही कीं, कागद प्रसिद्ध करितांना मूळ मिति, वार व सन जसेच्या तसे छापून, मग इंग्रजी तारीख द्यावी आणि ती जुन्या गणनेची कीं नव्या, तें प्रत्येक ठिकाणीं लिहावें. गोव्याच्या पोर्तुगीज पत्रावरील १६ जून १६७४ व मुंबईच्या इंग्रज पत्रावरील ६ जून १६७४ हा एकच दिवस आहे; हा खुलासा नसेल तर दहा दिवसांचें अंतर धरून कोणी नसते डाव व नसते निरोप कल्पील. हल्लीं तर मुलांच्या हातांतील भ्रमणध्वनींत कोणत्याहि वर्षाचें पंचांग निघतें, व तें बहुधा नवी गणनाच मागें नेऊन वार सांगतें. मुलगा शिवराज्याभिषेकाचा वार त्यांत पाहतो व बुधवार वाचतो. आम्ही कागदावर जी चूक केली ती आतां यंत्र क्षणांत करून देतें. फरक इतकाच कीं, यंत्राच्या चुकीवर मुलाचा विश्वास अधिक बसतो.

दुसरी विनंती ही कीं, आपल्या संग्रहांतील मिति, वार व सन स्पष्ट असलेल्या एखाद्या कागदाची प्रतिकृति व त्याचा बाळबोध उतारा जवळच्या माध्यमिक शाळेस द्यावा. मूळ कागद देऊं नये. शाळेच्या कपाटांत वाळवी असते, हें आम्ही जाणतों. वर्गांतील मुलें मोडक-जंत्री अथवा स्वामिकन्नू पिल्ले यांचीं कोष्टकें समोर ठेवून त्या कागदाची तारीख काढतील व मग त्या तारखेस फ्रान्स, रशिया, चीन वा अमेरिकेंत काय चाललें होतें तें शोधतील. हें काम त्यांच्या आवांक्याबाहेरचें नाहीं. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ इ. स. १८९६ मध्यें लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शाळामास्तरच होते. त्यांच्या व्यवसायबंधूंनीं निदान जंत्री उघडावी, ही अपेक्षा फाजील नव्हे.

असो. त्या मुलाची गोष्ट पुरी करणें उरलें आहे. आम्हांस आमची चूक कळली तेव्हां तो शाळा सोडून गेलेला होता व पुढें त्याचा ठावठिकाणा लागला नाहीं. त्याचे दोन गुण आम्हांस परत देतां आले नाहींत. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दरवर्षीं जगाच्या इतिहासाच्या पहिल्या तासास आम्ही त्या तांबड्या रेघेची हकीकत वर्गास सांगत असूं आणि शेवटीं म्हणत असूं कीं, पुस्तकांतील तारीख व तुम्ही ऐकलेली तारीख जुळली नाहीं, तर गप्प बसूं नका, टेबलाशीं या. पुष्कळ मुलें आलीं. त्यांपैकीं कित्येकांचीं उत्तरें चुकलेलीं होतीं. परंतु तपासल्याखेरीज रेघ मात्र आम्ही पुन्हां ओढली नाहीं.